निरीतच्या खोलीतला दिवा

विचुंबे, नवीन पनवेल
रविवार दुपार (बाबा झोपलेत तोवर)

तीर्थरूप निरीतताईस धाकट्या एयालचा शालोम आणि वाकून नमस्कार. (नमस्कार खरा आहे. पेन खाली पडलं होतं.) तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो, कारण नर्सला बरं नसेल तर बाकीच्या अश्दोदचं काय होणार. इकडे आई बरी, बाबा बरे, मी होतो तसाच. बारावीचं विचारू नकोस, तीही आहे तिथेच आहे. घर मात्र आम्हा तिघांपेक्षा ठणठणीत आहे. आता कागदावर कशाला लिहितोय, तर फोनवर काहीही लिहिलं की तू अंगठा पाठवतेस. आईची दाढ दुखत होती, त्यालाही तू अंगठा पाठवलास. आई दिवसभर विचारत होती की याचा अर्थ दाढ काढू की ठेवू. हे पत्र रिया घेऊन येतेय, आत्याची. तिच्याच पिशवीत कडवे वाल आणि चिकाचा हलवा आहे. हलवा कमी वाटला तर रियाला काही बोलू नकोस, ती बिचारी सरळ आहे.

नवीन घर तू व्हिडिओवरच पाहिलंयस, आणि व्हिडिओ बाबा धरतात, म्हणजे तू घर कमी आणि बाबांचं नाक जास्त पाहिलंयस. तर ऐक. हे घर विश्वजीत नावाच्या आर्किटेक्टने बांधलंय, आणि ते वीज खात नाही. भिंतींच्या विटा आतून पोकळ, खिडक्यांना दोन-दोन काचा, गच्चीवर पांढऱ्या फरशा, त्यावर सोलर. मे महिन्यात अख्खं विचुंबे घामाने निथळत असताना बाबा बनियनवर गेटात उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमच्याकडे एसी नाही, गरजच पडत नाही. (शेजारच्या वेणूकाकू त्यांना लांबून बघून रस्ता बदलायच्या.) हॉलच्या भिंतीवर एक स्क्रीन आहे, त्यात प्रत्येक खोलीने किती वीज खाल्ली ते दिसतं, आणि महिन्याअखेरीस घराला तारे मिळतात. माझ्या प्रगतिपुस्तकाने ज्या माणसाला आयुष्यभर रडवलं, त्याला या वयात असं घर भेटलंय. बाबा टीव्ही बघत नाहीत, स्क्रीन बघतात.

पण खरी गंमत दिव्यांची आहे. इथले दिवे माणूस हलला की लागतात, आणि कुणी हललं नाही की खोली रिकामी समजून विझतात. त्यामुळे बाबा पेपर घेऊन संडासात बसले की मधेमधे दोन्ही हात हलवतात, जसं काय पनवेल स्टेशनात कुणाला निरोप देतायत. आई वाल सोलायला बसते आणि वालाला तर नुसती बोटं हलतात, तेवढं घराला पुरत नाही. मग ती मान डोलावत सोलते. परवा म्हणाली, "या घरात माणसाने शांत बसून दुःख करायचीसुद्धा सोय नाही."

शुक्रवारी तर विचारूच नकोस. सूर्य मावळला की बाबा सगळ्यांचे फोन कपाटात कोंडतात आणि शब्बाथ चालू, शनिवार मावळेपर्यंत कुठलंही काम बंद. आता बटणाला हात लावायचा नाही, पण बटणच नाही, तर काय करायचं? बाबांनी प्रार्थना सांगणाऱ्या हजानकाकांना न विचारताच नियम काढला. आपण आपल्या कामाला चाललो आणि दिवा लागला, तर तो दिव्याचा प्रश्न. पण दिवा लागावा म्हणून मुद्दाम हात हलवला, तर ते काम झालं. त्यामुळे शुक्रवारी आपल्या घरात सगळ्यांना सारखी तहान लागते. जेवता जेवता अंधार झाला की आई उठते, पाणी आणते म्हणते, दिवा लागतो, आई बसते. माठ रिकामा होतो आणि पोटं डबडबतात, पण देव कुणाकडे बोट दाखवू शकत नाही.

माडीवर तुझी खोली आहे. गादीवरचं प्लास्टिक बाबांनी अजून काढलेलं नाही. स्क्रीनवर खोल्यांना माणसांची नावं आहेत, आणि 'निरीत' समोर कायम शून्य असतं. ताई, तुला सांगतो, आपल्या घराला जे पाच तारे मिळतात त्यात सगळ्यात मोठा हात तुझा आहे. न राहण्यात तू पहिली आलीस. विश्वजीत दर वेळी त्या शून्यावर बोट ठेवून बाबांचं अभिनंदन करतो. चांगला मुलगा आहे, पण त्याला अक्कल नाही. बाबा हो हो म्हणतात आणि तो गेला की त्या शून्याकडे बघत बसतात, इतके स्थिर की हॉलचा दिवा विझतो.

तर मी म्हटलं जरा मजा करू. एका शुक्रवारी दुपारीच माझ्या फोनवरून तुझ्या खोलीच्या दिव्याला टायमर लावून ठेवला. संध्याकाळी फोन कपाटात, आम्ही तिघं जेवायला बसलेलो, बाबांनी भाकर मोडली, आणि भिंतीवरची बाई (स्क्रीनमध्ये एक बाई बोलते, आईचं आणि तिचं पटत नाही) म्हणाली, निरीत यांच्या खोलीत दिवा लागला आहे. माझं तोंड ताटात. बाबा उठले. अनवाणी, खरकट्या हाताने जिना चढले, मागून आई, तिच्या हातात डाव. मी हसायला मोकळा झालो आणि वाट बघत बसलो, पण दोघं खालीच येईनात. शेवटी वर गेलो.

बाबा तुझ्या पलंगाच्या कडेला त्या प्लास्टिकवर बसले होते. जराही हलत नव्हते. मग टायमर संपला आणि दिवा विझला. मला वाटलं आता उठतील. उठले नाहीत. शब्बाथ होता, हात हलवता येत नव्हता. आई अंधारातच म्हणाली, "पाणी आणू का?" बाबा म्हणाले, "आण." ती पलंगापासून दारापर्यंत चालत गेली, दिवा लागला, तशीच हात हलवत परत आली. पाणी तिने आणलंच नाही, आणि बाबांनी मागितलंही नाही.

खाली आल्यावर बाबांनी जाहीर केलं की घरातले सगळे फोन कपाटात, म्हणजे हा दिवा निरीतने तिकडून लावला. (घराच्या अ‍ॅपमध्ये त्यांनी तुला पण घेतलंय. ते आमंत्रण तू अजून उघडलेलं नाहीस, मला माहितीये.) दुसऱ्या दिवशी बाबा हजानकाकांना विचारून आले, निरीतचं पाप तर नाही ना झालं. काकांनी बराच वेळ दाढी खाजवली आणि म्हणाले, तिकडे तेव्हा अजून शुक्रवारची दुपार असते, पोरीला चालेल. झालं. आता दर शुक्रवारी बाबा जिन्याकडे तोंड करून जेवतात, आणि मी दर शुक्रवारी दुपारी टायमर लावतो. बाबांनी वेणूकाकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुमची पोर तिकरून बत्ती पेटवते? आमचा पोर उलव्याला हाय, फोन पन उचलत नाय."

बाकी सगळं ठीक. नव्या घरासाठी देवाचे आभार मानायचा मलिदा अजून झाला नाही, तू आल्यावर करायचा म्हणून पोहे, गूळ, नारळ सगळं थांबलंय. घाई नाही, आम्ही मजेत आहोत. रियाला जेवू घाल.

तुझा आज्ञाधारक (आज्ञा दिलीस तर),
एयाल

ता. क. पत्र खरं यासाठी लिहिलं. आज रात्री बाबा व्हिडिओवर तुला विचारणार आहेत, एवढ्या ड्युटीत दिव्याचं कसं लक्षात राहतं म्हणून. मी आज नेटचा डबा बंद पाडून ठेवतोय, पण दर रविवारी पाडता येणार नाही. तू "कुठला दिवा?" म्हणालीस तर संपलंच. तर ते आमंत्रण उघड, शुक्रवारी तुझ्या दुपारी निरीत लिहिलेलं बटण दाब, आणि विचारलं तर नुसतं हं म्हण. एवढं कर. बदल्यात काय हवं ते माग, हलवा सोडून.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायला डिंक मागितला तर आईने पत्रच काढून घेतलं आणि सगळं वाचलं, वर शुद्धलेखन पण सुधारलं. म्हणाली, बाबांना पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं. मी ताटात तोंड घालून हसत होतो, ते त्यांनी उठतानाच बघितलं. मी म्हटलं मग वर कशाला गेले? आई म्हणाली, "दिवा तूच लावला होतास, तरी तू नाही गेलास वर?"

तर ताई, वरची विनंती रद्द. बटणाला हात लावू नकोस, दिवा मी लावत जाईन, त्याला बारावी लागत नाही. तू तुझ्या हॉस्पिटलात रजेचं बघ. आणि रजा मिळाली की मला नको, आधी बाबांना फोन कर. नेटचा डबा मी आत्ता जाऊन परत चालू करतो.