सुजलेल्या गालाची वेळ

रविवार, १९ एप्रिल

प्रिय ठकूस,

अनेक आशीर्वाद. पायांवर सूज आहे म्हणालीस, तर पाय उशीवर ठेवून बसत जा आणि पाणी जावईबापूंना आणायला लाव. त्यांनाही आतापासून उठायची सवय होऊ दे. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. बाबांचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी कशालाही हो म्हणून मोकळी होते, म्हणून लिहिते आहे. पण आधी तक्त्याचं सांगते.

तू करून दिलेला रंगीत तक्ता फ्रिजच्या दारावर लावला आहे. हिरवं कॉलेज, पिवळा दवाखाना, निळा अभ्यास, गुलाबी स्वयंपाक. पहिला आठवडाभर मी त्याच्याकडे बघायलाही घाबरत होते. ऑफिसात तू नव्या पोरांना वेळेचं नियोजन शिकवतेस ते ठीक, पण त्या पोरांच्या दारात दूधवाला, पेपरवाला आणि शेजारीण एकाच वेळी उभी राहत नसावीत. 'जेवण : वीस मिनिटं' हे बाबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, तेवढी मला चष्मा शोधायलाच लागतात.

पण खोटं कशाला बोलू, उपयोग झाला. अवघड विषय डोकं ताजं असताना घ्यायचा, हे तुझं म्हणणं पटलं. सकाळी मोबाइल पिठाच्या डब्यामागे ठेवते, गजर लावते आणि तो वाजेपर्यंत संख्याशास्त्र सोडून उठत नाही. चाचणीत वर्गात चौथी आले. मुलं मला काकू म्हणतात, आणि आदल्या रात्री अख्खं पुस्तक संपवता येतं यावर त्यांचा ठाम विश्वास आहे. माझ्या बाकावरच्या मुलीने तुझा तक्ता बघून विचारलं, "काकू, यात टाइमपास कुठे आहे?" मी तिला एक प्रत काढून दिली. तिने ती अजून उघडलेली नाही.

तक्त्यात एक खोट मात्र मला दिसली, आणि ती माझ्या धंद्यातली असल्यामुळे दिसली. दातांच्या दवाखान्यात लोकांना वेळा देताना दुपारच्या जेवणाआधीची एक वेळ मी कुणालाच देत नाही. रोज कुणीतरी न सांगता गाल धरून येतोच. ती वेळ मोकळी नसली, तर एका दुखऱ्या दाढेपायी संध्याकाळपर्यंतचे सगळे पेशंट ताटकळतात आणि बोलणी मी खाते. आमचे डॉक्टर तिला सुजलेल्या गालाची वेळ म्हणतात. तुझ्या तक्त्यात असा एकही चौकोन रिकामा नाही.

वाटलं, पोरगी विसरली. मग भांडी घासता घासता लक्षात आलं की आपल्या घरात तशी वेळ कधी वेगळी ठेवावीच लागली नाही. ती मीच होते. आजीचं आजारपण, तुझी दहावी, बाबांची बदली, सगळे गाल धरून माझ्याकडेच आले. मी ते हौसेने केलं. निदान बहुतेक वेळा.

आता मुद्द्यावर येते. परीक्षेच्या तारखा लागल्या का, असं तू दर रविवारी विचारतेस आणि मी 'लागतील गं' म्हणते. त्या केव्हाच लागल्या आहेत. परीक्षा महिनाभर पुढे गेल्या. तक्त्यात जे दोन आठवडे तू लाल रंगवून 'आई माझ्याकडे' असं लिहिलं आहेस, नेमक्या त्यातच आहेत. तुला डॉक्टरांनी बाळंतपणासाठी मंगळवार सांगितला आहे. त्याच आठवड्यात माझा एक पेपर सोमवारी आणि शेवटचा गुरुवारी. मधल्या दिवसांत येऊन परतता येईल का, तेही गाड्यांचं वेळापत्रक घेऊन पाहिलं. नाही जमत.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "परीक्षा पुढच्या वर्षीही देता येईल. नातवंड काही पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यांदा होणार नाही."

त्यांचं बरोबरच होतं. तू जन्मलीस तेव्हा माझी आई माझ्या उशाशी होती. तिचा हात मी इतका आवळला होता की बांगडी फुटली, तरी तिने हात सोडवून घेतला नाही. तुलाही तेव्हा आई हवी असणार. मलाही तिथेच असायचं आहे गं, हे आधी ऐक आणि मग पुढचं वाच.

कॉलेज मधेच का सोडलंस, असं तू लहानपणी विचारायचीस आणि मी सांगायचे, कंटाळा आला होता. कंटाळा आला नव्हता, तू येणार होतीस. तेव्हाही दुसरंच वर्ष होतं, फॉर्म भरलेला होता, आणि सगळे म्हणाले, पुढच्या वर्षी दे. ते पुढचं वर्ष यायला तू पोटुशी होईपर्यंत वेळ लागला. हे तुला टोचावं म्हणून सांगत नाही. तुझ्यावर तेव्हाही राग नव्हता, आजही नाही. पण पुन्हा 'पुढच्या वर्षी' म्हटलं तर मी परत त्या वर्गात जाणार नाही, हे मला माझ्यापुरतं पक्कं माहीत आहे.

म्हणून ठरवलं आहे. मी दोन्ही पेपर देणार, आणि तोवर तुझ्याकडे येणार नाही.

काल बाबा माळ्यावरची बॅग काढून पुसत बसले. कुठे निघालात विचारलं, तर म्हणाले, "मी आधी जाऊन राहतो तिच्याकडे. काय काय करायचं ते लिहून दे. रंग नकोत." त्यांना वरणभात येतो, कपडे वाळत घालता येतात, आणि ते रात्री हाकेसरशी उठतात, हे तुलाही माहीत आहे. आईची सर त्यांना येणार नाही. पण तुझ्या दुखण्याने ते तुझ्याआधी घाबरतील, तेव्हा त्यांना धीर देण्यात तुझा वेळ जाईल.

तू रागावशील, रडशीलही. रड, पण उपाशी राहू नकोस. आणि लगेच फोन करू नकोस, मी विरघळेन. दोन दिवसांनी कर.

तक्त्याच्या तळाशी तू जाड अक्षरांत लिहिलं आहेस, 'आई, लोकांना नाही म्हणायला शीक.' तुझ्या सगळ्या सूचनांपैकी एवढी एकच मला जमत नव्हती. दवाखान्यात जमली नाही, शेजारणीपाशी जमली नाही. पहिल्यांदा जमली ती तुझ्यापाशी, याचं मला फार वाईट वाटतं.

बाळ थोडं थांबलं तर मी पोचेन. नाही थांबलं, तर त्याला सांग की आजीचा पेपर चालू आहे.

गुरुवारी पेपर देऊन थेट रात्रीच्या गाडीत बसणारी,
तुझी आई