जहाजांच्या नावानं गोदावरीला नारळ

आई, आज बाजारात नारळ घेताना तो कानाशी हलवून बघितला, अगदी तुझ्यासारखा, आणि तिथंच उभ्या उभ्या तुझी इतकी आठवण आली की दुकानदारानं दोनदा हाक मारली.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मला मुंबईत जहाजांचा विमा उतरवणाऱ्या खात्यात नोकरी लागली. पहिल्या रजेत पुणतांब्याला आले तेव्हा तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस आणि मी शेजारी बसून शहाणपणा पाजळत होते. जहाज किती जुनं, कुणी बांधलेलं, मालक डागडुजी वेळेवर करतो का, कप्तान कसा, आधी कुठं आपटलंय का, कुठल्या पाण्यात जाणार आणि कुठल्या मोसमात, हे सगळं बघून हप्त्याचा दर ठरतो. धोका जास्त तर हप्ता जास्त. जहाजाची किंमतही मालकानं आणि आम्ही आधीच कबूल करायची, बुडाल्यावर घासाघीस नको. तू ऐकून म्हणालीस, "सोयरीक जमवताना बी एवढंच बगत्यात. तरी पोरीचं नशीब कुटं कळतं?" मग थापता हात थांबला. "आन तू दर लावलेलं जहाज बुडलं, तर तुला काढत्याल का गं?" मी चेष्टेनं म्हणाले, "काढतीलच की!" तुला ते खरंच वाटलं. माझ्या नोकरीसाठी तू सगळ्या भावकीशी भांडली होतीस. "माघारी आलीस तर तुझं काका पंधरा दिसांत उजवून टाकत्याल. मला न्हाई इचारायचं कुनी," एवढंच बोललीस आणि भाकरी तव्यावर टाकलीस.

तेव्हापासून नारळी पौर्णिमेला तू घाटावर जाऊन माझ्या जहाजांच्या नावानं गोदावरीला नारळ सोडायला लागलीस. "आपली नदी जाती की समिंद्राला. सांगंल ती." आई, आपली गोदावरी जाते पूर्वेच्या समुद्राला, आणि माझी जहाजं बहुतेक मुंबईच्या बाजूची. शाळेत नकाशात शिकलेलं अगदी ओठावर आलं होतं. पण तुझं तोंड बघून गिळलं.

दुष्काळाच्या श्रावणात मी नेमकी रजेवर. नदीत पाणी नाही, नुसती वाळू. तरी तू नारळ घेऊन निघतेस. वाळू उकरून त्यात तो ठेवतेस, हळदकुंकू वाहतेस. "पानी यील तवा जाईल," म्हणतेस आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून घाटाच्या पायऱ्या चढतेस. त्या हाताच्या भारासाठी अजून जीव तुटतो गं. पुढं मी अधिकारी झाले. मी दर लावलेली काही जहाजं बुडालीसुद्धा, पण मला कुणी काढलं नाही. हे तुला सांगायचंच राहिलं, कारण तू भीती पोटात ठेवून लवकर गेलीस.

हे पत्र टाकायचं कुठं? राहू दे माझ्यापाशीच. फक्त एक सांगते, जे ऑफिसात कधी कुणाला सांगितलं नाही. पूर्व किनाऱ्याला जाणारं जहाज टेबलावर आलं की त्याचं वय, डागडुजी, कप्तान, सगळं मी नेहमीसारखंच तपासायची. पण दरात जी थोडी सूट माझ्या हाती असायची, ती त्याला देऊन टाकायची. साहेबांनी एकदा कारण विचारलं. मी म्हणाले, "तिकडचं पाणी माझ्या ओळखीचं आहे."