रविवारचा पांढरा शर्ट

दि. २२ एप्रिल

ती. सौ. वहिनींना धाकट्या दिराचा नमस्कार. चिमणीला गोड पापा.

तुम्ही तिला घेऊन माहेरी गेल्याचं शेजारच्या काकूंकडून कळलं. दादाचा फोन तुम्ही उचलत नाही, माझाही नाही, म्हणून पत्र माहेरच्या पत्त्यावर टाकतोय. आम्ही दोघं बरे आहोत. लॉन्ड्रीत मान वर करायला फुरसत नव्हती. परवा इथला राष्ट्रीय दिवस झाला, त्यासाठी आठवडाभर मी त्यांच्या झेंड्यांना इस्त्री करत होतो. दोनशे तरी असतील. एकाला पिवळा डाग पडला, तर मॅनेजरने असं पाहिलं की जणू मी मुद्दामच जाळला. परक्या माणसाच्या हातून इथे चूक होत नाही, थेट कटच होतो.

असो. माझं डोकं तरी कुठे वेगळं चालतं म्हणा!

मागच्या पत्रात दादाबद्दल जे लिहिलं, त्याबद्दलच लिहायला बसलोय. आता तुम्हीच सांगा, कुणाला संशय आला नसता? एरवी आठवडाभर एकच पँट घालणारा माणूस दर रविवारी पांढरा शर्ट चढवून निघतो. कुठे म्हणून विचारावं, तर "जरा जाऊन येतो." बाथरूमचं दार लावून इथल्या भाषेत पुटपुटतो. मी खोलीत आलो की वही उशीखाली. लॉन्ड्रीत कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे तपासायचे, हा आमचा नियम. त्या सवयीने घरच्या कपड्यांचेही तपासले, तर दादाच्या शर्टात चिठ्ठी. बाईचं नाव, फोन नंबर, रविवार चार वाजता.

परवा सगळ्यांना सुट्टी होती. दादा म्हणाला, "मला जरा काम आहे." सुट्टीच्या दिवशी कसलं डोंबलाचं काम? मी मागोमाग निघालो. मोठ्या मैदानात बँड वाजत होता, ज्याच्या त्याच्या हातात कागदी झेंडा. एकाने माझ्याही हातात कोंबला. तो घेऊन मी एका खांबाआड उभा राहिलो. आणि ती बाई दिसली. चक्क दादाची कॉलर नीट करत होती! म्हटलं, सापडले. जरा पुढे सरकून पाहिलं, तर केस पिकलेले, आपल्या आत्याच्या वयाची.

मग तीस-चाळीस जणांना मंचावर रांगेत उभं केलं. सगळे आमच्यासारखेच बाहेरून आलेले. दादा शेवटून दुसरा. वहिनी, उजवा हात वर करून तो या देशाचा नागरिक होण्याची शपथ घेत होता. एका शब्दाला अडला, तर ती बाई खालून ओठ हलवून सांगायला लागली. नागरिकत्वाच्या परीक्षेची शिकवणी घेणारी बाई निघाली ती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून की दाखवायला, देव जाणे. मला मात्र रडू आलं, आणि रागही आला. आपला पासपोर्ट सोडून द्यायचा आणि सख्ख्या भावाला पत्ता नाही!

खाली उतरल्यावर त्याने मला पाहिलं.

"आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"दोनदा नापास झालो रे. दहावीलाही गटांगळ्या खाल्ल्या होत्या, घरात अजून चिडवतात. म्हटलं, पास झालो की हिला एकदमच सांगू. आता दोघींना इकडे आणता येईल." मग खिशातून फोन काढून पाहत म्हणाला, "पण ती फोनच घेत नाही. तिला कुणी काही सांगितलं असेल का?"

मी म्हणालो, "मला काय माहीत?"

वहिनी, "दोघांना माझ्या डोळ्यांनी पाहिलं" असं मी तुम्हाला लिहिलं होतं. मी काहीही पाहिलं नव्हतं. तुमचा विश्वास बसावा म्हणून पदरचं घातलं. इथे मला दादाशिवाय कुणी नाही. तो मला टाळून कुठेतरी जातो, याने माझा जळफळाट व्हायचा. तुम्ही त्याला चांगलं फैलावर घ्यावं, एवढंच मनात होतं. तुम्ही घर सोडाल असं वाटलं नव्हतं.

कामावरून आला की तो फोन समोर ठेवून बसतो. जेवणाकडे लक्ष नसतं. त्याला एकदा फोन करा. कुणी सांगितलं, हे तो विचारेलच. तेव्हा माझं नाव घ्या. रोज संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसतो, आणि माझ्या तोंडून ते निघत नाही.

ज्याच्या शब्दावर तुम्ही घर सोडलंत, तो
तुमचा धाकटा दीर