राक्षसिणीची चाल

धाकटे,

थोरलीचे आशीर्वाद घे, आणि घेताना वाकू नकोस, तुझी कंबर मला ठाऊक आहे. आम्ही सगळे ठीक आहोत. माझा खोकला होता तिथेच आहे, दोन्ही गुडघे एकमेकांशी बोलत नाहीत, दातांचं विचारू नकोस. तुझा खुबा कसा आहे? तेल लावतेस की नुसती बाटली खिडकीत उभी करून तिच्याकडे बघत बसतेस? मागे फोनवर हेच विचारलं तर तू फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्रही ठेवून देता येतं, पण ते परत उचलून वाचावंसं वाटतंच, एवढं मला वाचता येत नसूनही कळतं. लहानपणी तुला शाळेत घातलं आणि मला घरी ठेवलं, तेव्हापासून वाचायचं काम तुझं आणि बोलायचं माझं, आणि ही वाटणी अजून चांगली चालली आहे. लिहायचं काम सध्या नातीकडे आहे. (ती म्हणते, आजी, हळू सांग. यंत्रावर हिच्या बोटांना पंख फुटतात आणि पेन धरलं की मुंग्या येतात.)

हो, आणि तुझ्या त्या घरात घालायच्या रबरी चपला हरवल्या, ते ऐकून फार वाईट वाटलं. बसमध्येच पडल्या असणार. कंडक्टरला तू झाडलंस ते बरंच केलंस, ही माणसं लक्षच देत नाहीत.

आता नातीची हकिगत. ती काय शिकते हे तुला कितीदा सांगितलं, तरी तू 'म्हणजे चित्रकलाच ना' म्हणून मोकळी होतेस. चित्रकला नव्हे. पडद्यावरचे खेळ असतात, ज्यात खेळणारा बसून राहतो आणि पडद्यातला धावतो, त्या खेळांतल्या वस्तू आणि माणसं ही घडवते. गेल्या वर्षी आमच्याकडे एक पिंप तयार होत होतं. पाण्याचं साधं पिंप. खरं पिंप तुझा भाचा बाजारातून तासाभरात घेऊन आला असता, पण हिचं पिंप पावसाळा गेला, हिवाळा गेला, तरी गंजत होतं, कारण गंज मनासारखा चढत नव्हता. तर आता तिचं शिक्षण संपत आलंय आणि नोकरी हवी आहे. या धंद्यात म्हणे प्रमाणपत्र कुणी बघत नाही. पोर्टफोलिओ बघतात आणि शोरील बघतात. पोर्टफोलिओ म्हणजे इंटरनेटवरची दुकानाची काच. आत माल ढीगभर असला तरी जाणारा काचेत बघतो, पटलं तर थांबतो, नाहीतर शेजारच्या दुकानात शिरतो. आणि शोरील म्हणजे त्याच मालाची छोटीशी फिल्म.

पहिल्या खेपेला तिने काच केलीच नाही, दरवाजा केला. लाकडी, खिळ्यांचा, दोन्ही बाजूंना मशाली. बोट दाबलं की आधी कुलूप गळायचं, मग कडी सरकायची, मग दार करकरत उघडायचं, आणि मग आतला माल. इतका वेळ दारात उभं केलं तर मी तरी निरोप न घेता परत गेले असते. तिच्या मास्तरांनी ते फोनवर उघडलं तर फोन आधी तापला आणि मग कायमचा गार पडला. मास्तर भला माणूस. एवढंच म्हणाले, पोरी, नोकरी देणाऱ्याला कुलपं काढायला लावू नये. दार गेलं. नात दोन दिवस जेवली नाही. (जेवले होते म्हणते. बरं, कमी जेवली.)

मग शोरील. मास्तरांनी बजावलं होतं, एका मिनिटाचं कर, सगळ्यात चांगलं ते आधी ठेव, आणि कामचलाऊ काही घालू नकोस. पण हिला टाकवत नाही. ते माझ्याकडून आलंय. बरणी फुटली तरी मी झाकण ठेवते. तिने पिंप ठेवलं, तलवार ठेवली, पहिल्या वर्षीचा तो घोडाही ठेवला, ज्याचे गुडघे उलटे वाकतात. मी गॅसवर दूध चढवलं आणि बघायला बसले. तलवार आली. हवेत एकटीच गरगर फिरते, कुणी धरलेली नाही, कुणाला मारत नाही. मी म्हटलं, ही काय करतेय? तर सगळ्या बाजूंनी दिसावी म्हणून. मग पिंप आलं, तेही फिरलं. मग पिंपाची कातडी सोलून आतली जाळी दाखवली, कारण कारागिरी जाळीत असते, आणि जाळीही फिरली. दूध उतू गेलं, गॅस विझला, घरभर वास सुटला, तरी घोडा अजून यायचाच होता.

तेव्हा काटछाट करायची ठरली, आणि कात्री कुठे लावायची हे आम्ही दोघांनी सांगायचं, मी आणि तुझ्या भाच्याने. तो जन्मभर शिकाऊ लोकांशेजारी बसून गाडी शिकवतो, त्यामुळे कुठेही बसला तरी त्याचा उजवा पाय ब्रेक शोधत असतो. शोरील बघताना त्याने पाय दाबला की समजायचं, कंटाळला. आणि माझा डोळा लागला की समजायचं, संपलंच. नात वहीवर खुणा करायची आणि तेवढा तुकडा काढून टाकायची. फार सुरेख चाललं होतं. एका दुपारी मात्र मी सुरुवातीलाच झोपले ते थेट शेवटी उठले, आणि तिने भरल्या डोळ्यांनी अख्खा किल्ला काढून टाकला, बुरुजांसकट. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मी खोकल्याचं औषध दोनदा घेतलं होतं. (किल्ला तिने परत आणला. मग मी शुद्धीवर असताना बघितला, आणि मला पुन्हा झोप आली.)

आणि मग राक्षसीण. ती सगळ्यात शेवटी, घोड्याच्याही मागे, लपवल्यासारखी ठेवली होती. आधी ती दिसतच नाही, जिन्यावर नुसती पावलं वाजतात. फटक, घसss. फटक, घसss. मी झोपेतून ताडकन उठून बसले. तुझ्या भाच्याचा पाय ब्रेकवरून उचलला गेला तो तसाच हवेत. मग ती येते. सगळा भार एका कुशीवर, एक हात कमरेवर, दुसरा वल्हं मारल्यासारखा, आणि असं वाटतं की आता जो पुढ्यात येईल त्याची धडगत नाही. शिंगं आहेत, सुळे आहेत, पण तिकडे लक्षच जात नाही. इतकी रुबाबदार बाई मी आयुष्यात दुसरी फारशी पाहिली नाही. मास्तर म्हणाले, बाकीचं आवर आणि हिला सगळ्यात पुढे उभी कर. सुळे कुणालाही जमतात, पण चालताना वजन कुठल्या पायावर पडतं ते दाखवणं सगळ्यांना जमत नाही.

झालं, शोरील एका मिनिटाचं झालं, काच पुसून लख्ख झाली, आणि कामं कंपन्यांकडे गेली. नातीचा फोन तेव्हा भांड्यांबरोबर धुतला गेला होता, म्हणून तिने खाली बापाचा नंबर घातला आणि बापाला सांगायचं विसरली. एका कंपनीतल्या बाईंचा फोन आला तेव्हा हा गाडीत, आणि शिकणारा माणूस चौकात अडकलेला. त्या म्हणाल्या, तुमचं काम आवडलं, कधी भेटू या? हा म्हणाला, आधी सांगा, गियरची शिकायची की बिनगियरची? त्या म्हणाल्या, आम्हाला राक्षसिणीबद्दल बोलायचंय. हा म्हणाला, बाई, पहिल्या दिवशी सगळ्यांना ती राक्षसीणच वाटते, चार दिवसांत मुठीत येते. माणूसच गोड असणार ती, हसली आणि संध्याकाळी पुन्हा फोन केला. येत्या गुरुवारी नातीला बोलावलंय.

एक बारीकशी अडचण आहे, पण पत्राच्या अंगात घालण्याएवढी मोठी नाही. खाली सांगते. तब्येत सांभाळ.

तुझी,
वयाने मोठी आणि अकलेनेही मोठी,
थोरली

ता. क. – ती राक्षसीण तू आहेस. आता पत्र ठेवू नकोस, धाकटे, पुढे वाच. गेल्या वेळी इथे होतीस, मांजराने दुधात तोंड घातलं, आणि तू पळी घेऊन त्याच्यामागे स्वयंपाकघरातून बाहेरच्या दारापर्यंत गेलीस, आठवतं? नातीने ते दाराआडून फोनवर टिपलं आणि त्यावरून राक्षसिणीला चालायला शिकवलं. आता कंपनीला मूळ फिल्म आणि राक्षसीण शेजारीशेजारी ठेवून बघायची आहे. नात म्हणते, मावशीआजी हो म्हणाली तरच. तू नको म्हणालीस तर ती राक्षसिणीला काढून तलवार पुढे ठेवणार, आणि नुसत्या फिरणाऱ्या तलवारीला नोकरी कोण देतो? लग्नाच्या त्या व्हिडिओत तू स्वतःला चालताना पाहिलंस आणि तेव्हापासून सगळे पुढे गेल्याशिवाय उठत नाहीस, हे मला माहीत आहे. फोनवर पायाचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस. म्हणून पत्र. (ही मान खाली घालून लिहितेय आणि दोन शब्द खोडलेत. मला वाचता येत नाही, पण खोडलेलं दिसतं.)

आणखी ता. क. – हे अक्षर तुझ्या भाच्याचं, बोलणं माझंच. पोरगी पाकीट आणायला गेलीय. ती खरंच काढून टाकेल गं, त्या बाईंना तसं सांगूनही बसलीय. बुधवारपर्यंत फोन कर, एकच शब्द बोल आणि मग खुशाल ठेव. लोक हसतील असं तुला वाटत असेल. मीही हसू येईल म्हणूनच बघितलं. आलं नाही. तू येईनाशी झाल्यापासून या घरात तशी पावलं वाजली नव्हती. आता दुपारी मी नातीकडून तेवढंच पुन्हा पुन्हा लावून घेते आणि अजून एकदाही झोपले नाही. आणि मांजर तर पावलं वाजली की ओट्यावरून उडी मारून पलंगाखाली जातं. मांजराने ओळखलंय तुला, तू कुठवर नाकारणार?

शेवटचं – त्या पावलांचा आवाज काही केल्या जमेना, म्हणून नात तुझ्या रबरी चपला घालून जिन्यावर वरखाली चालली. म्हणजे त्या बसमध्ये पडल्या नाहीत. त्या इथेच राहिल्या होत्या, आणि मी सांगितलं नाही. कंडक्टर भेटला तर त्याच्याशी जरा गोड बोल. चपला माझ्या पलंगाखाली आहेत, मांजराशेजारी. टपालाने पाठवणार नाही. येऊन घेऊन जा.