गणपतने परत आणलेलं पातळ

लालबाग, मंगळवार, ११ मार्च १९५८

खालच्या मजल्यावरचा गणपत संध्याकाळी माझं हिरवं पातळ परत देऊन गेला. धुऊन, फडक्यात बांधून. कामगारांच्या नाटकांत तो बायकांची कामं करायचा, म्हणून ते त्याच्याकडेच असे. शोभायचंही त्यालाच.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांपुढे नाटक करायचं, तर मंडळाने आता खरी नटी आणली आहे. "समोर तुरुंगात जाऊन आलेल्या बायका बसतात, वैनी. त्यांच्यापुढे मी कसा दिसणार? पोरं शिट्ट्या मारतात," तो म्हणाला.

बाईचं काम बाईनेच करावं, हे मला पटतं. मग हे पातळ पेटीत ठेवायला मन का होत नाही?

गिरणीत तो बदलीवर. कोणी गैरहजर असेल तरच काम; एरवी घर नाटकावरच चालायचं. आणि त्या मुलीला रंगमंचावर चालायला, बसायला त्यानेच शिकवलं.

"कशी करते?" मी विचारलं.

"रडते झकास. मला तसं कधी जमलं नाही." मग हसला. "आता मिशी ठेवतो. बायको म्हणते, इतकी वर्षं सवतीचं तोंड बघितलं, आता नवऱ्याचं बघू दे."

पातळ राहू दे तुझ्याकडे, म्हटलं. नको म्हणाला.

मी दारातच उभी होते. अंगात लेंगा होता, तरी पहिली पायरी उतरताना त्याचा डावा हात निऱ्या उचलायला खाली गेला. तिथे काहीच नव्हतं. त्याने हात खिशात घातला आणि मागे न बघता उतरला.