छत्रीवालीचा महिना

मेडनहेड, इंग्लंड, १२ मार्च २०२६

चि. सान्वीस अनेक आशीर्वाद.

आजी म्हणजे कोण, हे विसरली असशील तर सांगते: तुझ्या बापाची आई. अजून आहे. शेजारची सुमन लिहून घेतेय. मला अक्षर कुठलं!

तू दिवाळीत दिलेलं जपानी चित्रांचं कॅलेंडर स्वयंपाकघरात आहे. लाकडी ठशांनी छापलेल्या बारा बायका, महिन्याला एक. मला आकडे कळत नाहीत, बाई कळते. फेब्रुवारीत ती बर्फात छत्री धरून पाठमोरी उभी आहे. तिच्या महिन्यात येते म्हणालीस. आली नाहीस, म्हणून मी तिला जाऊ दिलं नाही. तुझा बाप अजय पान उलटतो. तो ऑफिसला गेला की मी परत मागे आणते. दिवसभर घरात आम्ही दोघीच.

परवा घोटाळा झाला. डोळ्यांच्या अपॉइंटमेंटची लाल टिकली अजयने मार्चच्या पानावर लावलेली. हॉस्पिटलची गाडी दारात आली. मी ड्रायव्हरला हातवारे करून सांगितलं, माझा नंबर पुढच्या बाईत आहे, ही अजून संपली नाही. गेला बिचारा. अजय फार चिडला.

तू कधी येतेस? माझा लोभ आहेच. तुझा किती उरलाय, ते कळव.

तुझी आजी

लीड्स, १७ मार्च

ती. आजीस सा. न.

सुमनकाकू, प्लीज हे हळू आवाजात वाचा.

आजी, फेब्रुवारीत शिफ्ट आहे म्हणून येत नाही म्हणाले, ते खोटं होतं. दोन वीकेंड मी फ्री होते. सर्जरीच्या एक्झाममध्ये फेल झाले. बाबांना पण माहीत नाही. तू सगळ्यांना सांगतेस, आमची सान्वी सर्जन होणार. मग तुला तोंड कसं दाखवू? रूममध्येच बसून राहिले. वॉर्डवर दिवसभर बोलते, घरी आल्यावर कुणाशीच नाही. सॉरी.

सान्वी

मेडनहेड, २२ मार्च

चि. सान्वीस आशीर्वाद, या खेपेला थोडे जास्त.

सुमनने इतकं हळू वाचलं की पुन्हा वाचायला लावलं. अगं, नापास व्हायला आधी शाळेत जावं लागतं. मला तेवढंही जमलं नाही. अजयला मी सांगणार नाही, तूच सांग.

आज पान मीच उलटलं. मार्चची बाई बाहुल्या मांडत बसलीय, एकटीच. डोळ्यांची नवी तारीख थेट जूनची, काजवेवालीत. तोवर सगळं धूसर. तेव्हा तोंड दाखवायची लाज वाटत असेल, तर त्याआधीच येऊन जा. मला नीट दिसणारही नाही.

लोभ असावा, असं सगळेच लिहितात. तू लोभाबरोबर तिकडचा गुलाबी रुबार्ब पाठव, ते आंबट देठ गं, कैरीऐवजी त्यांचा मेथांबा करते. आणलास तर उत्तम, नाहीतर पोस्टाने. कोवळे देठ बघून घे, आणि पानं विषारी असतात, ती तिकडेच काढून टाक.

आजी