पारास्काबाईंचे अकरा सेकंद

रविवार, ८ नोव्हेंबर २०२०

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! खालच्या मजल्यावरची ओरिस्या जिन्यात रडवेली उभी होती म्हणून बोलून गेले — "मी जोडून देते, दोन तासांचं काम आहे." आता निस्तरा.

तिचं सात युक्रेनी बायकांचं गाण्याचं मंडळ आहे. दर सात जानेवारीला, म्हणजे त्यांच्या नाताळला, या बायका आपल्या लोकांच्या घरोघरी जाऊन दारात गातात. यंदा कोविडमुळे इथे हॉलंडात घरोघरी जाणं बंद, चर्चचा हॉल बंद, घोळक्यानं गाणंही बंद. परवा फर्निचरच्या दुकानात लोक एकमेकांच्या अंगावर चढून उशा घेत होते, ते चालतं. सात बायकांनी तोंड उघडलं की मात्र विषाणू पसरतो. माझं डोकंच फिरलं आणि त्याच भरात हो म्हणून बसले.

ठरलं असं — प्रत्येकीनं घरी हेडफोन लावायचा, मी पाठवलेल्या ठेक्यावर आपापला भाग गायचा, फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचा, आणि मी सातही आवाज एकत्र जोडायचे. सूचना नंबर घालून दिल्यात. बघू किती जणी वाचतात.

शनिवार, १४ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. घरात आम्ही दोघं नवरा-बायको आणि अमृता, तीनच माणसं. पुण्याला व्हिडिओ कॉल झाला, अर्धा वेळ सासऱ्यांचं कपाळच दिसलं. त्यातच ओरिस्याचा मेसेज — सहा जणींचं झालं, पारास्काबाई हेडफोन लावायला तयार नाहीत. वय एक्क्याऐंशी. गाण्याची सुरुवात त्याच करतात, त्यांच्याशिवाय गाणंच नाही. म्हणतात, "कानात टिकटिक असली तर बाकीच्या मला ऐकू कशा येणार?"

बाकीच्या नाहीतच तिथं! सगळ्या आपापल्या घरी आहेत. एवढं कळू नये?

रविवार, १५ नोव्हेंबर

शेवटी मीच गेले त्यांच्या गावी, नीउ-व्हेनेपला, माझा रेकॉर्डर घेऊन. लष्कराच्या भाकऱ्या. दीड मीटर अंतर, खिडक्या सताड उघड्या, मी कोटात कुडकुडत. पारास्काबाईंनी मात्र भरतकामाचा सदरा घातलेला, डोक्याला रुमाल, आणि समोर सात रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या, बाकीच्या सहाच असताना. माझी खुर्ची वेगळी, भिंतीपाशी.

आवाज? छातीतून थेट येतो, गुळगुळीतपणा नाही. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल. पण एक ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या. खुर्चीकडे बघायच्या. पुन्हा ओळ. पुन्हा थांबणं, कधी चार सेकंद, कधी सहा. एकदा तर अकरा! मला वाटलं विसरल्या. मी खूण केली, पुढे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुन्हा म्हणा म्हटलं तर त्यांच्या मुलीकरवी उत्तर आलं — "म्हणून झालं. दारात एकदाच गातात."

रविवार, २२ नोव्हेंबर

दोन तासांचं काम म्हणे! चौथी रात्र चालली आहे. सहा जणी ठेक्यात नेमक्या बसल्यात. सातवी कशातच बसत नाही.

रुचिर कॉफी घेऊन आला, उभ्यानं ऐकलं आणि म्हणाला, "अगं, तुझ्या आत्याच्या भजनी मंडळात नाही का, एकीनं ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी उचलायची? ती वाट बघतेय." मी म्हटलं, "तुला एवढं कळतंय तर तू बस इथं." कॉफी ठेवून गेला.

मी त्यांच्या सगळ्या थांबण्याच्या जागा कापल्या. मग बसलं. पाच मिनिटं चाळीस सेकंदांचं गाणं तीन मिनिटं दहा सेकंदांवर आलं. घसरलेले दोन सूर सरळ केले. काच पुसल्यासारखं लख्ख वाजतंय.

सोमवार, २३ नोव्हेंबर

पाठवलं. फोल्डर साफ केलं, ट्रॅश रिकामा केला, रेकॉर्डरचं कार्ड कोरं केलं. काम झालं की मागे पसारा ठेवायचा नाही — आयटीतली बारा वर्षांची सवय आहे. रुचिरचा डेस्कटॉप बघवत नाही मला.

अमृतानं ऐकून मत दिलं, "आई, शी साउंड्स लाइक द ट्रॅम लेडी." ट्रॅममध्ये थांबे पुकारणारी यंत्रातली बाई म्हणे! दहा वर्षांच्या मुलीला काय कळतंय.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

ओरिस्या जिन्यात भेटली. आभार नाहीत, काही नाही. "चारुता, पारास्का कुठे गेली यातून?"

मी म्हटलं, सगळ्यात पुढे तिचाच तर आवाज आहे.

"आवाज आहे. ती थांबायची ते कुठे आहे? आमच्यातली प्रत्येक जण गाण्यात कशी येते ते तिला माहीत आहे. ती प्रत्येकीसाठी वेगळी थांबते."

"आणि अकरा सेकंद?"

"ती नाद्या. ती कायम उशिरा यायची. एप्रिलमध्ये गेली, कोविडनं. पारास्का अजून तिच्यासाठी थांबते."

मग हे आधी सांगायचं होतं! मला स्वप्न पडणार होतं का? चार रात्री जागले, कपाळाला बाम लावून सकाळच्या मीटिंगा केल्या, आणि वर हेच ऐकायचं. "ओरिजिनल दे फक्त, आम्ही तेच वाजवू," म्हणाली. मी "बघते" म्हटलं आणि वर आले.

बघणार काय, कपाळ?

शुक्रवार, ४ डिसेंबर

ओरिस्याचा मेसेज. "मिळालं का?" उत्तर दिलं नाही. लोकांना वाटतं आम्ही आयटीवाले घरात रिकामे बसलोय.

गुरुवार, १७ डिसेंबर

पारास्काबाई हॉस्पिटलमध्ये. कोविड. ऑक्सिजन लावलाय. भेटायला कुणालाच सोडत नाहीत, मुलीलासुद्धा नाही. हा कसला नियम! एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईनं डच नर्सला खुणा करून पाणी मागायचं?

ओरिस्या म्हणाली, "आता तेवढं एकच रेकॉर्डिंग आहे तिचं."

शनिवार, १९ डिसेंबर

तीन रिकव्हरी प्रोग्रॅम चालवून पाहिले. काही नाही. कार्डावर नंतर अमृताच्या पियानोच्या परीक्षेचं रेकॉर्डिंग चढलंय.

एकच प्रत असते का कुठे? मंडळ त्यांचं, गाणं त्यांचं, म्हातारी त्यांची. कॉपी मागून घ्यायला नको होती? सगळं काय मीच बघायचं? बाहेरच्या बाईवर टाकून मोकळ्या!

रुचिर म्हणाला, "सांगून टाक." मी म्हटलं, "तू यात पडू नकोस." मग किती तरी वेळ भांडी घासत बसले. डिशवॉशर असताना.

रविवार, ३ जानेवारी २०२१

पारास्काबाई घरी आल्या. जीव वाचला. आवाज गेला. मुलगी म्हणते, कुजबुजल्यासारखं बोलतात, पाच शब्दांनी दम लागतो. गाणं आता नाहीच.

ओरिस्यानं जिन्यातून हाक मारली. मी आंघोळीला गेलेय असं अमृताला सांगायला लावलं. पोरीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला सहन झाली नाही. उलट तिच्यावरच ओरडले.

गुरुवार, ७ जानेवारी

त्यांचा नाताळ. ओरिजिनल मी दिलंच नाही, म्हणून माझं तीन मिनिटं दहा सेकंदवालं गाणं ऑनलाइन लावलं. लोकांनी हृदयं पाठवली, टाळ्या पाठवल्या. ओरिस्यानं मला खाली बोलावलं, एका पाहुण्याला परवानगी आहे. गव्हाची गोड खीर वाढली, जवळजवळ आपल्यासारखीच. एक चमचा खाऊन वाटी बाजूला ठेवली.

मग तिनं पारास्काबाईंना फोन लावला. स्पीकरवर. त्यांनी ऐकलं होतं. दम घेत घेत काहीतरी विचारलं. ओरिस्या सांगेना. मीच म्हटलं, सांग.

"म्हणते, पहिली बाई छान गाते. पण कुणासाठीच थांबत नाही. कोण आहे ही?"

मी म्हटलं, "तिला सांग, ती मी आहे."